बंदुकीच्या दुकानातली नोंदवही

२६ ऑगस्ट १९१४, बुधवार. महायुद्धाला तोंड फुटून तीन आठवडे झाले होते. कलकत्त्याच्या कस्टम हाऊसमधून रॉडा आणि कंपनी या बंदूकविक्रेत्यांचा माल सुटायचा होता. तो सोडवून आणणं हे कंपनीचा कारकून श्रीशचंद्र मित्र याचं नेहमीचं काम. त्याने २०२ पेट्या ताब्यात घेतल्या, बैलगाड्यांवर चढवल्या आणि गाड्या व्हॅन्सिटार्ट रोमधल्या गोदामाकडे निघाल्या. गोदामात १९२ पेट्या उतरल्या. उरलेल्या दहा घेऊन येतो असं सांगून श्रीश बाहेर पडला, तो परत आलाच नाही. दुकानाने पोलिसांत वर्दी दिली ती तीन दिवसांनी. हरवलेल्या दहा पेट्यांमध्ये ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं होती.

बंगालच्या क्रांतिकारकांच्या इतिहासात हा प्रसंग मोठ्या अभिमानाने सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्याच्याबरोबर त्या दुकानाचीही गोष्ट सांगायची आहे. आपल्याकडच्या जुन्या बंदुकांच्या दुकानांबद्दल आणि तिथल्या जुन्या रायफलींबद्दल अनेकांच्या मनात ओढ आहे. ती माझ्याही मनात आहे. काचेची उंच कपाटं, अक्रोडाच्या लाकडाचे दस्ते, तेलाचा वास, मागच्या खोलीत कानशीने बारीक काम करणारा कारागीर आणि गल्ल्याजवळ ती जाडजूड नोंदवही. कोणती बंदूक, कोणत्या क्रमांकाची, कधी आली, कोणाला गेली, हे सगळं त्या वहीत. या दुकानांचा खरा इतिहास तिच्यात आहे. कोणावर विश्वास ठेवायचा आणि कोणावर नाही, हे राज्यकर्त्यांनी कसकसं ठरवलं, तेही तिथेच वाचायला मिळतं.

हिंदुस्थानातल्या या व्यवसायाची पेठ म्हणजे कलकत्त्याचा डलहौसी चौक आणि त्याच्या आजूबाजूचे रस्ते. लंडनचा जोसेफ मँटन हा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा सर्वांत नामांकित बंदूक-कारागीर. दुनळी बंदुकीच्या दोन नळ्यांमधली उंचावलेली पट्टी, जिच्यावरून नेम धरतात, ती रूढ केली त्याने. पुढे ज्यांच्या बंदुका राजेरजवाडे अभिमानाने मिरवू लागले, ते जेम्स पर्डी आणि थॉमस बॉस त्याच्याच हाताखाली काम करून तयार झाले. एवढं कसब असूनही १८२६ मध्ये जोसेफचं दिवाळं निघालं. पण मँटन हे नाव त्याच सुमारास त्याच्या घरातल्या फ्रेडरिकबरोबर कलकत्त्याला पोचलं होतं, आणि इथे ते शतकाहून अधिक काळ टिकलं. त्याच भागात रॉडाचं दुकान उभं राहिलं. बंगाली मालकीची दुकानंही होती. त्यांतलं नरसिंहचंद्र दाँ यांचं नाव आजही कलकत्त्यात ओळखीचं आहे. जोडासांको भागातल्या त्यांच्या वाड्याला लोक ‘बंदूकवाल्यांचा वाडा’ म्हणतात. त्या घरच्या दुर्गापूजेत संधिपूजेच्या क्षणी छोटी तोफ उडवतात.

या दुकानांचं काम नुसत्या विक्रीचं नव्हतं. चांगली बंदूक गिऱ्हाइकाच्या अंगाला बसवावी लागते. दस्त्याची लांबी हाताच्या मापाची हवी, त्याचा वाक मानेच्या आणि गालाच्या ठेवणीप्रमाणे हवा, नाहीतर नेम कायम वर किंवा खाली जातो. दुकानात हे माप घेत आणि लाकूड तासून देत. जुन्या दमास्कस नळ्या लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, तापवून, ठोकून घडवलेल्या असत. त्यांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटे. बंगालच्या दमट हवेत नळीला गंज धरायला एक पावसाळा पुरे होई. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनाचा क्षार नळीत राहून पोलाद खाई, म्हणून बार काढल्यावर नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेल लावून ठेवावी लागे. हे सगळं शिकवणारी माणसं दुकानात असत. ठासणीची बंदूक गेली, टोपीची आली, मग मागून काडतूस भरायची आली. शतकभरातली ही सगळी स्थित्यंतरं त्या मागच्या खोलीतल्या माणसांनी स्वतःच्या हातांनी पाहिली. या कसबाबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण दुकानाच्या दारातून आत कोण जाऊ शकत होतं?

१८५७ नंतर सरकारने प्रजेच्या हातातली हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली. मार्च १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा झाला. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा त्याच महिन्यातला. शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा ठरवलं. मात्र कायद्याखालच्या नियमांनी युरोपियनांना या बंधनातून सूट दिली. कालच बोटीतून उतरलेला गोरा तरुण दुकानात शिरून दुनळी घेऊन बाहेर पडू शकत होता, आणि पिढ्यान्‌पिढ्या जंगलाच्या कडेला शेती करणाऱ्या माणसाने डुकरं हाकायला ठासणीची बंदूक ठेवली तर त्याच्यावर खटला होऊ शकत होता. १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला. सभेत बोलणाऱ्यांना हत्यारांची हौस होती म्हणून नव्हे. आपल्याच देशात आपल्याला संशयित ठरवलं जातं, हा अपमान त्यांना सलत होता.

प्रजेच्या हाती हत्यारं जाण्याची सरकारची भीती बंदुकीच्या नळीच्या व्यासापर्यंत पोचली. लष्कराच्या मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळी .४५० इंचाची आणि त्यानंतर आलेल्या ली-एनफील्डची .३०३ची. शिकाऱ्यांच्या रायफलीही याच मापाच्या असतील तर चोरलेल्या लष्करी रायफलींना दुकानातला दारूगोळा चालेल, या धास्तीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने ही मापं खाजगी वापरासाठी बंद केली. लंडन-बर्मिंगहॅमच्या कारखानदारांना हिंदुस्थानची बाजारपेठ सोडवेना. त्यांनी .४७०, .४६५, .४७५ अशी नवी मापं काढली. त्यांतलं .४७० हे माप पुढे आफ्रिकेतल्या हत्तींच्या शिकारीसाठी जगप्रसिद्ध झालं. हलक्या रायफलींमध्ये .३०३ ऐवजी .३१५ आली. स्वातंत्र्यानंतर कलकत्त्याजवळच्या इशापूरच्या सरकारी कारखान्याने नागरिकांसाठी रायफल बनवली तीही .३१५च. आणि आपल्याकडच्या पोलिसाच्या खांद्यावर अनेक दशकं दिसलेली ‘थ्री नॉट थ्री’ सामान्य माणसाच्या घरी कधी आली नाही, त्याचंही मूळ याच धास्तीत आहे.

त्याच वर्षांतली आणखी एक गोष्ट. १९०७ मध्ये कुमाऊँमधल्या चंपावतच्या वाघिणीला जिम कॉर्बेटने मारलं. तिने ४३६ माणसांचे बळी घेतले होते. संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी कॉर्बेटला .२७५ रिग्बी रायफल भेट दिली. तिच्या दस्त्यावर चांदीची पट्टी बसवून त्यावर या कामगिरीचा उल्लेख कोरला. ही रायफल लंडनच्या रिग्बीने कलकत्त्याच्या मँटनकडे पाठवलेली. तिची यंत्रणा जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याची, कारण रिग्बी त्या काळात माउझरचे ब्रिटनमधले प्रतिनिधी होते. कॉर्बेटचं कुमाऊँच्या नरभक्षकांवरचं पुस्तक १९४४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई कचेरीने काढलं. रॉय हॉकिन्स तेव्हा तिथले प्रमुख होते. कॉर्बेटच्या पश्चात रायफल प्रकाशकांकडे गेली आणि अनेक हात फिरून २०१५ मध्ये रिग्बी कंपनीने ती परत मिळवली. तिचा सगळा प्रवास आज सांगता येतो, कारण तिचा क्रमांक वहीत होता.

चंपावतच्या दिवशीच्या इतर बंदुकांचं मात्र तसं नाही. हाक्यासाठी माणसं हवी होती. तिथल्या तहसीलदाराने गावोगाव निरोप धाडला की ज्यांच्याकडे विनापरवाना बंदुका असतील त्यांनी त्या बेलाशक आणाव्यात, आपण तिकडे डोळेझाक करू, दारूगोळाही देऊ. २९८ माणसं जमली आणि लपवून ठेवलेली नाना तऱ्हेची जुनीपुराणी हत्यारं बाहेर आली. कॉर्बेटची स्वतःची काडतुसं संपली तेव्हा त्याने तहसीलदाराची खिळखिळी बंदूक उसनी घेऊन शेवटची गोळी झाडली. चांदीची पट्टी रिग्बीला मिळाली. ती खिळखिळी बंदूक आणि डोंगरातल्या घरांच्या आढ्यांवरून उतरलेली ती हत्यारं इतिहासात निनावीच राहिली. वाघीण माणसं खात असताना ज्यांना बंदूक लपवावी लागत होती, त्यांच्यासाठी मँटनच्या दुकानाचं दार बंद होतं.

याच बंद दाराने क्रांतिकारकांना वेगवेगळे मार्ग शोधायला लावले. महाराष्ट्राने समुद्रापलीकडचा मार्ग धरला. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पेटीच्या चोरकप्प्यात दडवून २० ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली. त्यांतल्याच एका पिस्तुलाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, ‘शारदा’चा प्रयोग असताना, अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. बंगालच्या तरुणांनी वेगळा विचार केला. हत्यारं परदेशातून चोरून कशाला आणायची? ती तर राजरोस, जकात भरून, डलहौसी चौकात येतातच.

रॉडाच्या मालात माउझर पिस्तुलं येणार आहेत ही खबर श्रीश मित्रनेच दिली. ‘हाबू’ या टोपणनावाने मित्रांना ठाऊक असलेला हा तरुण कारकून विपिनबिहारी गांगुली यांच्या आत्मोन्नती समितीच्या वर्तुळातला होता. बहूबाजार भागात बैठक झाली. दिवसाढवळ्या, सरकारी कचेऱ्यांच्या गराड्यातून पेट्या पळवायच्या, हा बेत काही जणांना अविचाराचा वाटला आणि ते बाजूला झाले. उरलेल्यांनी तो तडीस नेला. बेत अगदी साधा होता. रॉडासाठी ठरवलेल्या गाड्यांच्या रांगेत आपलीही एक गाडी घालायची. ढाक्याच्या मुक्तिसंघाचे हरिदास दत्त गाडीवानाचा वेष करून त्या गाडीवर बसले. कस्टम हाऊसच्या आवारात श्रीशने हव्या त्या दहा पेट्या याच गाडीवर चढवल्या. रांग गोदामाकडे वळली आणि ही गाडी मात्र सरळ पुढे मलंगा लेनकडे निघून गेली. तिथे त्यांचे साथीदार अनुकूल मुखर्जी वाट पाहत होते. एकही गोळी झाडली गेली नाही आणि कोणाला खरचटलंही नाही. कारकुनाच्या सहीवर आणि गाडीवानाच्या मळक्या कपड्यांवर साम्राज्याने कधी शंका घेतली नव्हती, त्याचाच या तरुणांनी उपयोग केला.

हे पिस्तूलही साधं नव्हतं. १८९६ मध्ये निघालेल्या या माउझरमध्ये एका वेळी दहा गोळ्या बसत. त्याची पेटी लाकडाची असे, आणि तीच मुठीला जोडली की दस्ता होऊन पिस्तूल रायफलीसारखं खांद्याला लावून चालवता येई. विद्यार्थ्याच्या धोतराच्या घोळात लपणारं आणि गरज पडली तर रायफलीसारखं वापरता येणारं हत्यार बंगालमध्ये याआधी आलं नव्हतं. मँटनमार्फत कॉर्बेटला मिळालेली रायफल आणि रॉडाची ही पिस्तुलं यांचा कारखाना एकच, ओबर्नडॉर्फ. दोन्ही मालाची पेठही कलकत्त्याचीच. एक हत्यार गव्हर्नरच्या हातून सन्मानाने गेलं, दुसरं बैलगाडीतून पळवावं लागलं.

पुढचा हिशेब सरकारनेच मांडून ठेवला आहे. न्यायमूर्ती रौलट यांच्या समितीच्या १९१८ च्या अहवालात रॉडा प्रकरणाला स्वतंत्र परिच्छेद आहे. ५० पैकी ४४ पिस्तुलं जवळजवळ लगेच नऊ वेगवेगळ्या गटांमध्ये वाटली गेली, पुढच्या काळातल्या ५४ घटनांमध्ये ती वापरली गेली, आणि तोवर ३१ परत सापडली होती, असं अहवाल सांगतो. हे आकडे समितीला मांडता आले, कारण प्रत्येक पिस्तुलावर कारखान्याचा क्रमांक होता आणि तो रॉडाने उतरवून ठेवला होता. बंगालात कुठेही पिस्तूल सापडलं की पोलीस तो क्रमांक रॉडाच्या नोंदीशी ताडून पाहत. साम्राज्याला आपल्या शत्रूंचा माग दुकानाच्या वहीतून लागत होता.

त्या माउझरांची सर्वांत मोठी लढाई बंगालबाहेर, ओडिशात झाली. ९ सप्टेंबर १९१५ रोजी बालासोरजवळच्या चाषाखंड इथे जतींद्रनाथ मुखर्जी, म्हणजे बाघा जतीन, आणि त्यांचे चार साथीदार एका उंचवट्याआड दबा धरून बसले. समोर रायफलधारी पोलिसांची मोठी तुकडी होती. पाच जणांनी पिस्तुलांना दस्ते जोडले आणि बराच वेळ ती तुकडी रोखून धरली. चित्तप्रिय रायचौधुरी तिथेच पडले. जखमी जतीन यांनी दुसऱ्या दिवशी बालासोरच्या रुग्णालयात प्राण सोडले. मनोरंजन सेनगुप्त आणि नीरेन दासगुप्त यांना फाशी झाली, ज्योतिष पाल यांना जन्मठेप. हरिदास दत्त आणि इतर काहींना रॉडा प्रकरणात तुरुंगवास घडला. श्रीश मित्र मात्र कधीच सापडला नाही. तो रंगपूरकडे गेला, तिथून ईशान्येच्या सरहद्दीकडे निघाला आणि नाहीसा झाला. इतरांची नावं रस्त्यांना आणि पुतळ्यांना मिळाली. या कारकुनाचं नाव बंगालबाहेर फारसं कोणी घेत नाही. या साऱ्या कहाणीत मला सर्वांत जवळचा वाटतो तो हाच माणूस. माल सोडवून आणणं हेच त्याचं रोजचं काम होतं, आणि त्याच मालातल्या दहा पेट्यांसाठी त्याने नोकरी, घर आणि आयुष्य टाकून दिलं.

रौलट समितीच्या शिफारशींवरून १९१९ चा काळा कायदा झाला आणि त्याविरुद्धच्या आंदोलनातून देश जालियनवाला बागेपर्यंत पोचला. त्याच सुमारास युरोपियनांची सरसकट सूटही सरकारला टिकवता येईना. १९२० च्या नियमांनी वर्णावर आधारलेला भेद काढला. हरिदास दत्तांचा मुक्तिसंघ पुढे ‘बेंगॉल व्हॉलंटियर्स’ झाला. त्यातलेच विनय, बादल आणि दिनेश हे तीन तरुण ८ डिसेंबर १९३० रोजी डलहौसी चौकातल्या रायटर्स बिल्डिंगमध्ये शिरले आणि तुरुंग खात्याचा प्रमुख सिम्पसन याला त्यांनी गोळ्या घातल्या. आज त्या चौकाचं नाव विनय-बादल-दिनेश बाग आहे. ज्या चौकातल्या दुकानांची दारं त्यांच्यासारख्यांना बंद होती, तो चौकच आता त्यांच्या नावाने ओळखला जातो.

स्वातंत्र्यानंतर दुकानांचा काळ बदलला. १९५९ चा शस्त्र कायदा आला. परवान्याची अट राहिली, पण ती सगळ्यांना सारखी झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचं युग संपवलं, आणि ते संपायलाच हवं होतं. ऐंशीच्या दशकात नागरिकांसाठी परदेशी बंदुकांची आयात बंद झाली, त्यामुळे दुकानांच्या कपाटात नवा माल म्हणून मुख्यतः सरकारी कारखान्यांचाच उरला. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावर तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येऊ लागल्या. कोकणात माकडं आणि रानडुकरं हाकण्यासाठी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बंदूक बाळगणारी घरं अजून आहेत. त्यांना छरे-दारू पुरवणारी दुकानंही आहेत. पण अनेक ठिकाणी दुकानांचं मुख्य काम आता विक्रीचं राहिलेलं नाही. लोकांच्या बंदुका जमा करून घेऊन सांभाळणं हेच त्यांचं काम झालं आहे. आजोबांची दुनळी नातवाच्या नावावर करायची तर परवाना हवा. नातू शहरात, त्याला परवाना नको, मग बंदूक दुकानाच्या मागच्या खोलीत पडून राहते. मालक परत येत नाहीत, कारागिरांची मुलं दुसऱ्या व्यवसायात जातात, आणि एक दिवस दुकानाचं शटर खाली येतं.

बंदुका घरोघरी असाव्यात असं माझं मुळीच म्हणणं नाही. परवान्याचा कडक कायदा हवाच. माझी काळजी वेगळी आहे. दुकान बंद होतं तेव्हा नोंदवह्यांचं काय होतं? जप्त आणि बेवारस हत्यारं सरकार वितळवून टाकतं. त्यांत शंभर वर्षांपूर्वीची एखादी दमास्कस नळी असेल तर ती वितळण्याआधी कोणी जाणकाराने पाहावी, तिचा क्रमांक उतरवून घ्यावा, चालवता न येणारं जुनं हत्यार असेल तर ते संग्रहालयाला द्यावं. कायद्यात पुरातन, निकामी हत्यारांसाठी सवलत आहे. त्या सवलतीचा लाभ घेणारी माणसं मात्र हवीत.

मराठी माणसाला दफ्तराचं मोल शिकवावं लागत नाही. पेशवे दफ्तरातल्या रोजकीर्दीवरून, दाणागोट्याच्या आणि दारूगोळ्याच्या याद्यांवरून आपण मोहिमांचा इतिहास उभा केला. भारत इतिहास संशोधक मंडळाने १९१० पासून घरोघरचे रुमाल गोळा केले. त्याच निष्ठेने जुन्या बंदुकांच्या दुकानांच्या वह्या गोळा व्हायला हव्यात. मुंबईच्या पुराभिलेखागाराने, पुण्याच्या मंडळाने, जिल्ह्याजिल्ह्यांतल्या इतिहासप्रेमींनी दुकान बंद होण्यापूर्वी मालकाशी बोलून त्या मिळवाव्यात, निदान त्यांची छायाचित्रं घ्यावीत. त्यांत संस्थानिकांची नावं सापडतील, साहेबांची सापडतील, आणि वर्षामागून वर्षं पानं उलटताना कोणत्या सालापासून आपल्या माणसांची नावं दिसू लागली, तेही कळेल. स्वातंत्र्य कोणत्या वाटेने आलं याचा असा लेखी पुरावा बंदुकांच्या दुकानांत आहे. तो जपणं हीच त्या दुकानांवरच्या प्रेमाची खरी परतफेड आहे.